बंदूक कायदेशीर, डुक्कर बेकायदा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "फोंडाघाटाच्या पायथ्याशी आमची दीड एकर भातशेती आणि काजूची साठेक कलमं आहेत. रानडुकरांनी यंदा दोन कोपरे पार लोळवून टाकले. शेतीसंरक्षण बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करून चौदा महिने झाले, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय. आता कंटाळा आला. ऑनलाइन 'हंटिंग क्रॉसबो' मिळतोय आणि विकणारा म्हणतो लायसन्स लागत नाही. घेऊ का? कागदपत्रं काय लागतील? (आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, ते गेल्यावर काकांनी पोलिसात जमा केली.)"

मी सिंधुदुर्गातच वकिली करतो. वीस-बावीस वर्षांत शस्त्र परवान्याच्या फाइली आणि वनखात्याच्या केसेस अशी दोन्ही कामं हातून गेली आहेत, त्यामुळे तुमचा वैताग माझ्या चांगला ओळखीचा आहे. क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेलं धनुष्य, घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. का घेऊ नका ते सांगायला जरा वेळ लागेल. आणि तुम्ही शेवटी कंसात जे वाक्य सहज टाकलंय, माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच आहे. त्याच्याकडे येतोच.

तुम्ही हत्याराचे कागद विचारलेत. पण समजा उद्या सकाळी बंदुकीचा परवाना हातात पडला, तरी त्या परवान्यावर डुक्कर मारता येत नाही. बंदूक कोणी बाळगायची हे शस्त्र कायदा 1959 खाली जिल्हाधिकारी ठरवतात. डुक्कर मारू द्यायचं का, हे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली वनखातं ठरवतं. ही दोन वेगळी दारं आहेत. पहिल्या दाराशी वर्षभर ताटकळलेल्या माणसाला दुसरं दार आहे हेच आठवत नाही. क्रॉसबो विकणारा तुम्हाला पहिलं दार चुकवायची पायवाट दाखवतोय. दुसऱ्या दाराबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

एक उदाहरण सांगतो, गाव-नाव न घेता. माझ्याकडे आलेला एक बागायतदार, परवाना चोख, नूतनीकरण वेळेवर, बारा बोअरची बंदूक. स्वतःच्या बागेत, स्वतःच्या बंदुकीनं त्यानं रात्री एक डुक्कर पाडलं. सकाळी वाडीत वाटे पडले. कोणा पोरानं फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि दुपारपर्यंत वनखात्याची गाडी दारात. बंदूक जप्त, परवाना रद्द करायची नोटीस, वाटे घेणाऱ्या चौघांवरही गुन्हा. तो माणूस मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "पण वकीलसाहेब, माझी बंदूक तर कायदेशीर होती ना?" होती. डुक्कर बेकायदा होतं.

वन्यजीव कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ आपल्या बोलण्यातल्या शिकारीपेक्षा खूप रुंद आहे. मारणं तर आलंच, पण विष घालणं, फासकी लावणं, पकडणं, आमिष टाकून बोलावणं आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न, हे सगळं त्यात येतं. म्हणजे बाण सोडला आणि नेम चुकला तरी शिकारच. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, तेव्हापासून रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. कलम 9 प्रमाणे त्याची विनापरवानगी शिकार गुन्हा आहे आणि कलम 51 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या बाजूला गवेही उतरतात. अंधारात डुक्कर समजून गव्यावर काही सोडलंत तर ती अनुसूची 1, तिथे शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होऊन सातपर्यंत जाते. डुक्कर अंगावर धावून आलं आणि जीव वाचवण्यासाठी मारावं लागलं तर तो गुन्हा नाही, कलम 11(2) तसं स्पष्ट सांगतं. पण मेलेलं जनावर तेव्हाही सरकारचंच. त्याचे वाटे पडत नाहीत.

आता "लायसन्स लागत नाही" या वाक्याकडे. हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या सल्ल्यानं अडकलेले पक्षकार मी जास्त पाहिलेत. बंदुकीसारख्या अग्निशस्त्राला देशात कुठेही परवाना लागतोच. बाकीच्या शस्त्रांना, म्हणजे तलवार, भाला, मोठी पाती वगैरेंना, केंद्र सरकारनं शस्त्र कायद्याच्या कलम 4 खाली ज्या भागासाठी अधिसूचना काढली असेल तिथे परवाना लागतो. शस्त्राची व्याख्या मात्र ऐसपैस आहे. हल्ला किंवा बचाव यासाठी बनवलेली कुठलीही वस्तू तिच्यात येते. सुटतात त्या निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या, लाठी-काठीसारख्या वस्तू आणि खेळणी. दीडशे पौंड ताणाचा आणि धारदार पात्याचे बाण सोडणारा क्रॉसबो खेळणं आहे असं तुम्ही ठाण्यात समजावून सांगणार असाल, तर मला आधी कळवा, मी यायचं टाळेन.

त्यावर आपल्या राज्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 37 आहे. सणासुदीला, निवडणुकीला, आंदोलनांच्या काळात जिल्ह्यात 37(1) चे मनाई आदेश निघतात. त्या काळात शस्त्रंच काय, इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला बंदी असते. हे आदेश पंधरा-पंधरा दिवसांचे असतात आणि वर्षातून इतक्यांदा निघतात, की गावच्या माणसाला आज आदेश आहे की नाही हे माहीत असण्याची शक्यता फार कमी. तुम्ही क्रॉसबो गाडीत टाकून घरून शेतातल्या मांगरापर्यंत निघालात आणि नाक्यावर तपासणी झाली, तर पुढचं काय ते तिथल्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर आणि त्या दिवशीच्या आदेशावर. म्हणून कागदपत्रांची यादी मी तुम्हाला देऊ शकत नाही. "हा कागद असला की तुमचा क्रॉसबो सुरक्षित" असा कागद मी अजून कोणाच्या हातात पाहिलेला नाही. बिल आणि आधार कार्ड यांनी खरेदी सिद्ध होते, एवढंच.

खोक्यावरचा शब्दही बघा. 'हंटिंग'. खेळासाठी किंवा निशाणेबाजीचा छंद म्हणून घेतला, असा बचाव कोणी करू पाहिला तर वनपाल तो शब्द पंचनाम्यात अवतरण चिन्हांत घालून लिहितो. आणि लोक क्रॉसबो घेतात कशासाठी? आवाज होत नाही म्हणून. रानाच्या कडेला आवाज न करणारं हत्यार सापडलं की वनरक्षकाच्या डोक्यात एकच विचार येतो, आणि मी त्याच्या जागी असतो तर माझ्याही डोक्यात तोच आला असता.

कायदा बाजूला ठेवला तरी हे हत्यार तुमच्या कामाचं नाही. मी शिकारी नाही, पण पिढीजात बंदूकवाल्या घरांशी रोजचं बोलणं असतं. भातात डुक्कर येतं रात्री, कळपानं, आणि सरळ उभं राहून वाट बघत नाही. क्रॉसबोचा बाण तीस-चाळीस मीटरपलीकडे भरवशाचा राहत नाही, आणि एक सुटला की पुन्हा ताणून चढवेपर्यंत कळप पऱ्ह्यापार, ओढ्यापलीकडे. जखमी डुक्कर काजूच्या जाळीत शिरून बसलं, तर सकाळी काजू वेचायला जाणारी बाई त्याच्यासमोर उभी राहते. तुम्ही तेव्हा घरात झोपलेले असता.

जुने लोक एक गोष्ट सांगतात, ती मला नेहमी पटलेली आहे. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचं अर्धं काम आवाज करतो. हवेत एक बार काढला की माकडं दोन-चार दिवस त्या बागेकडे फिरकत नाहीत, डुकरंही वाट बदलतात. कित्येक परवानाधारकांनी उभ्या जन्मात एकही जनावर मारलेलं नाही, तरी बागा राखल्या आहेत. क्रॉसबोमध्ये हेच नाही. ज्या गुणासाठी तो विकला जातो, तो गुण राखणीत दोष ठरतो.

तुमच्यासारखे बरेच जण परदेशातले व्हिडिओ बघून विचारतात, म्हणून तिथलंही सांगतो. माझा मेव्हणा कॅनडात असतो. तिकडे पूर्ण आकाराचा क्रॉसबो दुकानातून घ्यायला बंदुकीसारखा परवाना लागत नाही, पण एका हातानं चालवता येणारा किंवा 500 मिलिमीटरपर्यंत लांबीचा असेल तर त्याच्यावर बंदी आहे. हरणावर तो चालवायचा तर शिकारीचा परवाना, हंगाम, जागा हे सगळं प्रांताच्या नियमांप्रमाणे वेगळंच. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांवरचा कोणीही विकत घेऊ शकतो, पण त्यानं शिकार करायला 1981 च्या कायद्यानं मनाई आहे. म्हणजे दोन दारं तिथेही आहेतच. व्हिडिओत पहिलंच दिसतं.

आता तुमच्या अडकलेल्या फाइलीकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे.

फाईल का अडकली हे मला तुमचे कागद न बघता सांगता येणार नाही. पण 'फोंडाघाटाच्या पायथ्याशी' हे वाचताच माझ्या मनात पहिला संशय आला तो वन्यजीव कायद्याच्या कलम 34 चा. तुमच्या डोक्यावर घाटमाथ्याला राधानगरी अभयारण्य आहे, 1958 पासूनचं, गव्यांसाठीच राखलेलं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. हे दहा किलोमीटर नकाशावरचे, घाटाच्या वळणांचे नव्हेत. रस्त्यानं तुम्हाला अभयारण्य लांब वाटत असेल, पण कावळ्याला ते जवळ असतं. अशा फाइली संमतीसाठी वनखात्याकडे जातात आणि तिथून परत आल्या नाहीत तर अर्जदाराला कोणी कळवत नाही. तो बिचारा पोलीस स्टेशनच्या खेपा घालत बसतो, आणि पोलिसांचा अहवाल केव्हाच गेलेला असतो. तेव्हा आधी माहितीच्या अधिकारात साधा अर्ज टाका: माझ्या अर्जावर आजपर्यंत कुठल्या तारखेला काय कार्यवाही झाली, फाईल सध्या कोणाकडे प्रलंबित आहे, वनखात्याचा अभिप्राय मागवला असल्यास पत्राची प्रत. तीनच मुद्दे. जास्त विचारलंत की उत्तर मोघम येतं.

दुसरा संशय सातबाऱ्याचा. कोकणातला सातबारा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. दीड एकराला सतरा नावं, त्यातली पाच वारलेली, सहा मुंबईत, एक बडोद्याला, आणि एक आत्या जिचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली. शेतीसंरक्षणाचा परवाना मागताना शेती तुमची आहे किंवा तुम्ही कसता हे दाखवावं लागतं. आमच्याकडे सामाईक सातबारा असला की सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागितलं जातं असा अनुभव आहे. कायद्यात अमुक इतक्या सह्या हव्यात असं मला कुठे दिसलेलं नाही, पण टेबलावर वाद घालून वर्ष घालवण्यापेक्षा गणपतीत सगळे चाकरमानी गावी आले की एका दुपारी सह्या गोळा करा. मी स्वतः माझ्या पक्षकारांना अर्जाची तारीख गणपतीनंतरची घ्यायला सांगतो. हसण्यावारी नेऊ नका, यानं सहा महिने वाचतात. सह्या जमल्याच नाहीत तर तुम्ही प्रत्यक्ष कसता याचा पुरावा जोडा: पीकपाहणीतली नोंद, काजू विकल्याच्या पावत्या, सोसायटीचं पीककर्ज.

तिसरं म्हणजे पोलीस अहवाल खरोखरच आला नसेल तर. नियमाप्रमाणे तो तीस दिवसांत जायला हवा. आणि शस्त्र कायद्याच्या कलम 13(2ए) च्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या सवलतीच्या वाक्यात, लिहिलंय की मुदतीत अहवाल आला नाही तर परवाना प्राधिकाऱ्याला योग्य वाटल्यास अहवालाची वाट न पाहता निर्णय घेता येतो. 'योग्य वाटल्यास' हे शब्द आहेत, त्यामुळे तो तुमचा हक्क होत नाही. पण हे परंतुक दाखवून दिलेलं एक पानी पत्र, पोच घेऊन, फायलीला लागलं की ती वरच्या टेबलावर येते. मी हे पत्र नेहमी देतो. बऱ्याचदा उत्तर परवान्याचं येत नाही, नुसता अहवाल येतो. चालतं. हलली तरी पुरे.

इथे एक गोष्ट बहुतेक अर्जदारांना माहीत नसते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक मागितली असेल, तर कलम 13(3) ची भाषा 'परवाना देईल' अशी आहे, 'देऊ शकेल' अशी नाही. ठासणीची पुरेशी नाही असं प्राधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक तो देऊ शकतो. अर्थात माणूस अयोग्य असेल किंवा सार्वजनिक शांततेचा प्रश्न असेल तर कलम 14 खाली नकार देता येतो. पण नकार द्यायचा तर लेखी कारणं नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर तुम्हाला द्यावी लागतात, अगदीच लोकहिताला बाधा येत असेल तेव्हा सोडून. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्यावर नकार देता येत नाही. नकार आला तर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील. तुमचा जिल्हा कोकण विभागात, म्हणून आयुक्तांचं कार्यालय नवी मुंबईत. एक खेप होईल. मला विचाराल तर चौदा महिन्यांच्या मौनापेक्षा लेखी नकार बरा. नकारावर अपील होतं, मौनावर होत नाही.

अर्ज ए-1 नमुन्यात असतो. सोबत शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी हे लागतं. हे तुम्ही दिलेलं असणार, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. परवाना मिळाला की तो आता पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीन वर्षांचा होता.

दुसऱ्या दाराची तयारी आत्तापासून करा, बंदूक हातात यायची वाट बघू नका. वन्यजीव कायद्याच्या कलम 11(1)(बी) खाली, उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या अनुसूची 2 मधल्या जनावराला मारायची लेखी परवानगी देता येते. महाराष्ट्रात रानडुकरासाठी हा अर्ज वनक्षेत्रपालाकडे, म्हणजे आरएफओकडे करायचा. अर्जात गट नंबर, पीक, किती दिवसांत किती वेळा नुकसान झालं, आणि कळप कुठल्या बाजूनं येतो हे लिहा. परवानगी कारणं नोंदवून, ठरावीक जागेपुरती मिळते. शेजारच्या गटात ती चालत नाही. मी पाहिलेल्या परवानग्यांमध्ये परवानाधारक बंदुकीचाच उल्लेख होता. क्रॉसबोनं मारायची परवानगी मागितलेला अर्ज मी आजवर पाहिलेला नाही, आणि पहिला अर्ज तुमचा असावा अशी माझी इच्छा नाही. गव्यासाठी हा रस्ता बंदच आहे. अनुसूची 1 मधल्या जनावराला पिकाच्या नुकसानीवरून मारायची परवानगी मिळत नाही, आणि तिथे अधिकार थेट मुख्य वन्यजीव रक्षकांचा.

आता जरा कडू बोलतो. तुम्ही या चौदा महिन्यांत नुकसानभरपाईचे किती अर्ज केले? बहुतेक एकही नाही. "दोन-चार हजारांसाठी कोण खेपा मारणार" हे उत्तर मी दर आठवड्याला ऐकतो. पैशांपुरतं ते बरोबरही असेल. पण भरपाईचा अर्ज पैशांसाठी करायचाच नाही, असं धरून चाला. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवलं की पंचनामा होतो, त्यावर तारीख येते, जनावराचं नाव येतं, पिकाचं क्षेत्र येतं. असे चार-पाच सरकारी पंचनामे शस्त्र परवान्याच्या अर्जाला जोडले की 'खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी' हे शब्द सिद्ध करायला वेगळं काही लागत नाही. आरएफओकडच्या परवानगीच्या अर्जालाही तेच कागद. वनखात्यानं स्वतः लिहून दिलेलं नुकसान वनखातं नाकारणार कसं? माझ्या हातून मंजूर झालेल्या परवान्यांत बहुतेकांकडे असे पंचनामे होते. नुसत्या सरपंचाच्या दाखल्यावर आलेले अर्ज जास्त रखडले. तीन दिवस चुकवू नका. गणेश चतुर्थी असली तरी फोनवर फोटो काढा, वनरक्षकाला पाठवा आणि दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

क्रॉसबोचा नाद सुटल्यावर माणसाचं मन फासकीकडे आणि करंटकडे वळतं, म्हणून दोन शब्द. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात तुम्ही वाचल्याच असतील. फासकी कोणाची हे शोधायला वनखात्याला फार वेळ लागत नाही, कारण ती लागलेल्या जागेचा सातबारा असतो. (हो, तेव्हा मात्र सतरा जणांच्या सह्या कोणी मागत नाही.) आणि तारेत थेट वीज सोडणं म्हणजे उद्या शेजाऱ्याचा मुलगा तिथे मरू शकतो. अशा केसमध्ये सदोष मनुष्यवधाचं कलम लागतं. ती केस माझ्याकडे आणू नका, एवढंच सांगतो. सौर कुंपण वेगळं. त्यातला झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. अभयारण्यालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. तुमचं गाव त्या यादीत बसतं का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. दीड एकराला ते परवडतं, मात्र खालचं गवत दर आठवड्याला कापत राहावं लागतं. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो आणि डुकराला ते आपल्याआधी कळतं.

एवढं सगळं झालं. आता तुमच्या कंसातलं वाक्य.

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती आणि ते गेल्यावर काकांनी ती पोलिसात जमा केली, असं तुम्ही लिहिलंय. परवानाधारक वारला की शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शस्त्र पोलीस स्टेशनला किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावंच लागतं, तेव्हा काकांनी बरोबर केलं. पण जमा केलं म्हणजे सोडून दिलं असं होत नाही. वारसाला ते परत मागता येतं, आणि शस्त्र नियम 2016 मध्ये वारसाच्या नावे परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे. परवानाधारक हयात असतानाही, त्याला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा त्यानं पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलं असेल तर, परवाना वारसाकडे जाऊ शकतो. कोकणात कितीतरी घरांत ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या नावावर बंदूक असते, आणि तो गेल्यावर धावपळ सुरू होते. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही घरी विचारून घ्या.

तुमच्या प्रकरणात बंदूक वारसाची आहे, तीच ठासणीची आहे जिच्याबद्दल कायदा 'परवाना देईल' म्हणतो, आणि त्याच शेताच्या राखणीसाठी ती पूर्वी सरकारनंच दिलेली होती. नव्या परवान्याच्या अर्जापेक्षा ही बाजू भक्कम आहे. दहा किलोमीटरचा मुद्दा इथेही निघेल की नाही, हे कागद बघूनच सांगता येईल. 'नवा परवाना' आणि 'वारसाचा परवाना' यांत फरक आहे असं आपल्याला मांडता येईल, पण समोरचा अधिकारी ते मान्य करेलच असं मी लिहून देणार नाही. आजोबा कधी गेले हेही तुम्ही सांगितलेलं नाही. जमा शस्त्र मुदतीत कोणी सोडवलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं, मात्र त्याआधी नोटीस द्यावी लागते. तशी नोटीस घरी आली होती का, आणि आली असेल तर कोणी घेतली, हे कळायला हवं. काकांखेरीज बाकीच्या वारसांची ना-हरकतही लागेल. म्हणजे पुन्हा गणपती.

तेव्हा क्रॉसबो कार्टमधून काढा आणि आज रात्री काकांना फोन लावा. तीन गोष्टी विचारा: आजोबांच्या परवान्याचं पुस्तक घरात आहे का, बंदूक कुठल्या पोलीस स्टेशनला आणि कुठल्या वर्षी जमा केली, आणि तिची पावती कुठे ठेवली आहे. पावती सहसा देवाच्या फोटोमागे किंवा घरपट्टीच्या पिशवीत असते. मिळाली तर तिचा फोटो इथे टाका, अनुक्रमांक झाकून.